लेखी होकार

२ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

तुझं पत्र काल मिळालं. बारा दिवस लागले, म्हणजे टपालखातं प्रकृतीला जपून चाललंय. पण तक्रार करायला मला तोंड नाही. आपण दोघंही दिवसभर पडद्यापुढे बसणारी माणसं, निदान एकमेकांना तरी कागदावर लिहू, हा हट्ट तू तिकडे परदेशात राहायला गेलास तेव्हा माझाच होता.

मामी परवा येऊन गेली. तुम्ही दोघं मिळून नक्की करता तरी काय, असं तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मामी, छापील पानाचा फोटो काढला की आमचा 'वाचक' ते पान मोठ्यानं वाचून दाखवतो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. हा प्रोग्रॅम कुणा एकाचा नाही, ओपन सोर्स आहे. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, पगार न घेता, मिळून लिहितात. तुझा मुलगा कोड लिहितो आणि मी त्या सगळ्यांच्या बैठका लावते. मामी जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे तो काम करतो आणि तू हाका मारतेस." नऊ वर्षांत माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं.

शनिवारच्या बैठकीला एकतीस जण होते. एका बटणावर 'थांबा' असावं की 'थांबवा', यावर पाऊण तास गेला. बर्फाच्या देशातले दोघे, आपले बर्फाकडचे, एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या दूरच्या बेटावरच्या बेटवालीची लाइन पाच वेळा तुटली आणि दरवेळी ती पहिल्यापासून बोलली. अंधशाळेतले मास्तर तेवढे शेवटपर्यंत शांत होते. मी इतकी वैतागले की विचारू नकोस. खरं सांगते, हे सगळं घ्यायला कुणी तयार असेल तर मी आजच्या आज दोन्ही हातांनी सही करून देते आणि खिडकीत पाय पसरून बसते. मग रविवारी सकाळी उठून वृत्तांत लिहिला आणि पुढच्या बैठकीची वेळ काढली. अमेरिकेची सोय बघितली की आशिया रुसतो, म्हणून आपली गैरसोय दर महिन्याला फिरती. कुणाला ना कुणाला अवेळी उठावं लागणारच, पण दरवेळी त्याच माणसाला नाही, एवढंच मी बघते.

आता माझी बातमी. डाव्या डोळ्यानं सरळ ओळ वाकडी दिसायला लागली. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही. डॉक्टर म्हणाले, आतल्या पडद्याला बारीक भोक पडलंय. बारा मार्चला ऑपरेशन. त्यानंतर आठ दिवस पालथं पडून राहायचं आणि दोन आठवडे पडदा नावाची वस्तू बघायची नाही. तुझे भाऊजी रजा काढणार आहेत. शाळेची बस दुसरा ड्रायव्हर नेईल.

तेव्हा मार्चभर बैठकांचं तू बघ. दुसऱ्या कुणाला सांगायला माझी जीभ वळत नाही.

तुझी
ताई


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून पहिल्यांदा भाऊजींना फोन लावला, हे तुला त्यांनी सांगितलं असेलच. ऑपरेशन अजिबात पुढे ढकलू नकोस. बैठकांची काळजी माझ्यावर सोड. तू मला या कामात आणलंस तेव्हा मी कॉलेजात होतो आणि हात वर न करता बोलायचो. तू तीन वेळा मला गप्प केलंस. आता मीच लोकांना गप्प करीन.

दोन आठवडे म्हणजे नक्की कुठल्या तारखेपर्यंत, ते कळव. म्हणजे तुला मधेच कुणी त्रास देणार नाही असं बघता येईल. भाऊजी तुझ्या मेल उघडून वाचून दाखवणार आहेत का? माझं ऐकशील तर नको. एकदा वाचायला लागले की तू पालथी पडल्या पडल्या उत्तरं सांगत बसशील. डोळ्याला विश्रांती आणि डोक्याला नाही, याला काही अर्थ नाही. त्यांना म्हणावं, तोवर संगणकाचं झाकणच उघडू नका.

माझं नेहमीसारखंच चाललंय. कामावर खिडकीजवळची जागा मिळालीये. समोर एक मोठं झाड आहे आणि त्यावर एक खार दिवसभर माझ्यापेक्षा जास्त काम करते. बायकोला तिच्या दवाखान्यात आता सकाळची पाळी आहे.

एक सहज सांगतो. एक मोठी कंपनी वाचकबद्दल चौकशी करतेय. अजून काही ठरलेलं नाही. बघू.

आईला बरं वाटावं म्हणून मी हल्ली तिला रोज फोन करतो. ती विचारते, ताईनं आज कुणाला हाक मारली?

तुझा
ठोंब्या


२८ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

आजची बैठक नीट पार पडली. शेवटी मी सगळ्यांना सांगितलं, मार्चभर संयोजक माझा मामेभाऊ. बेटवालीनं टाळ्या वाजवल्या. बैठकांच्या वेळापत्रकाचे आणि नोटिशीचे हक्क मी आजच तुझ्या नावावर केलेत.

सोबत दोन कागद आहेत. हे संगणकात कुठेही नाही, नऊ वर्षांत माझ्या डोक्यात साठलेलं आहे. बेटवालीला बोलायला बोलवायचं तर आधी लेखी विचार, ती अचानक विचारलेलं टाळते. बर्फाकडच्या थोरल्याला पहिल्यांदा बोलू दिलं की मग तो तासभर ऐकतो. शेवटच्या माणसाचं बोलणं झाल्यावर मनात पाच आकडे मोज, कारण ज्यांची लाइन मंद आहे त्यांचा हात उशिरा वर येतो. बोलण्याआधी प्रत्येकानं आपण कोण ते सांगायचं, यात सूट नाही. मास्तरांना चेहरे दिसत नाहीत आणि त्यांच्या वर्गातली बारा मुलंही मागे बसून ऐकत असतात. मास्तरांकडे शुक्रवारी दुपारी चार ते सहा वीज नसते, बाकी कुठलीही वेळ त्यांना चालते. एवढी एकच अट त्या माणसानं नऊ वर्षांत घातली आहे.

नियम तुला माहीतच आहेत. नोटीस सात दिवस आधी. जो येणार नाही त्याचं मत संयोजकाकडे लेखी हवं.

त्या कंपनीचं म्हणशील तर एप्रिलच्या बैठकीत घेऊ, सगळ्यांसमोर. घाई कसली आहे? त्यांना खरंच हवं असेल तर महिनाभर थांबतील.

सव्वीस तारखेपर्यंत मी जगात नाही असं समज. भाऊजींनी संगणक कपाटात ठेवायचं कबूल केलंय. तुझी कल्पना त्यांना फारच आवडली. मी पालथी पडून काय करणार, असं त्यांना विचारलं, तर म्हणाले, फरशी तपास, कुठे चूक सापडते का बघ.

खिडकीतली जागा मिळाली हे वाचून बरं वाटलं. तुला उजेड लागतो.

तुझी
ताई


१४ मार्च

प्रिय ताई,

ऑपरेशन नीट झालं, भाऊजींकडून कळलं. फार हायसं वाटलं.

हे पत्र चार वेळा सुरू करून फाडलं. आता एकदम सांगतो. जानेवारीत माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभाग बंद झाला. खिडकीची जागा आहे ती सार्वजनिक वाचनालयातली. रोज सकाळी डबा घेऊन तिथे जातो, कारण शेजाऱ्यांनी विचारू नये असं वाटतं. आईला माहीत नाही. इथे राहण्याचा आमचा परवाना माझ्या नोकरीला बांधलेला आहे आणि दुसरी नोकरी शोधायला मोजके महिने मिळतात.

ज्या कंपनीबद्दल लिहिलं होतं, तिला वाचक हवा आहे. नाव, सर्व्हर आणि पुढे काय करायचं ते ठरवण्याचा हक्क. त्या बदल्यात ती वाचकवर काम करायला सहा माणसं पगारावर घेणार आहे. त्यातला एक मी. त्यांना उत्तर मार्चच्या आत हवं आहे. मी मुदत मागितली, मिळाली नाही.

म्हणून काल मी नोटीस काढली. यावर मत घ्यायला वीस तारखेला खास बैठक आहे. होकार मिळाला की सगळी कामं पाच जणांच्या समितीकडे जातील आणि सगळ्यांच्या बैठका बंद होतील. ताई, तूच विचार कर. एका बटणावर पाऊण तास. तुझे नऊ वर्षांचे रविवार यात गेले. आता पगारी माणसं असतील, कामं भराभर होतील आणि तू खिडकीत पाय पसरून बसशील.

तुला फोनवर सांगायचं मनात होतं. पण भाऊजी म्हणाले तू झोपलीयेस, आणि डॉक्टरांनी तुला त्रास देऊ नका म्हणून बजावलंय. म्हणून लिहितो आहे. तू समजून घेशील. नेहमी घेतलंस.

तुझा
ठोंब्या


२७ मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र काल आलं. माझा डावा डोळा अजून धूसर आहे, म्हणून भाऊजींना वाचायला सांगितलं. नोकरी गेल्याचं वाचताना त्यांचा आवाज बदलला. मी म्हटलं, अरे देवा, आणि हे पोरगं एकटं वाचनालयात बसतंय. त्यांना म्हटलं, आधी त्याला फोन लावा. ते म्हणाले, थांब, अजून आहे. मग पुढचं वाचलं. 'काल नोटीस काढली' इथे ते थांबले, चष्मा काढला, पुसला, आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, हे तूच वाच.

मी तुला काल तीनदा आणि आज सकाळी एकदा फोन केला. उचलला नाहीस. म्हणून मास्तरांना केला.

मास्तरांना वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे. त्यांनी पहिल्यांदा माझा डोळा कसा आहे ते विचारलं. मग म्हणाले की बैठक शुक्रवारी दुपारी साडेचारला होती. त्यांच्याकडे वीज नव्हती. शेजारच्या दुकानातल्या फोनवरून ते आत आले, कुणी आपण कोण ते सांगत नव्हतं, त्यामुळे कोण कुठल्या बाजूचं ते त्यांना कळेना, आणि मत द्यायची वेळ आली तेव्हा फोनची बॅटरी संपली. दोन आवाज मात्र त्यांनी ओळखले, बेटवालीचा आणि तुझा. बेटवालीनं विचारलं होतं की ताई कुठे आहेत, त्यांचं काय म्हणणं आहे. तेव्हा तू म्हणालास, "ताईचा लेखी होकार माझ्याकडे आहे."

आणि माझं पत्र वाचून दाखवलंस. दोन फेब्रुवारीचं. दोन्ही हातांनी सही करून देते, तेवढं एकच वाक्य, बैठकीच्या भाषेत भाषांतर करून.

मी आज मतांचा कागद बघितला. डोळ्याला ताण पडला, पडू दे. चौदा विरुद्ध तेरा. चौदावं मत माझं आहे.

मी तीस वर्षं लोकांची मुद्रितं तपासते. लेखकानं जे म्हटलंच नाही ते एका स्वल्पविरामाच्या चुकीनं त्याच्या तोंडी जातं, हे मी रोज बघते आणि रोज थांबवते. माझ्याच वाक्याचं असं होईल, आणि ते तू करशील, हे माझ्या मनात कधी आलं नाही. ते वाक्य मी वैतागून लिहिलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य तू वाचून दाखवलं नाहीस. रविवारी सकाळी उठून वृत्तांत लिहिला, असं होतं ते.

दुसरं. समितीनं पहिल्याच आठवड्यात अकरा भाषा बंद करायचं ठरवलंय, कारण त्यांचे वाचणारे थोडे आहेत. मास्तरांच्या वर्गाची भाषा त्यात आहे. तुझ्या पत्रात याचा एक शब्दही नाही.

तिसरं मला स्वतःला लिहायला जड जातंय. तुझ्या पत्रावर चौदा तारीख आहे. टपालाला बारा दिवस लागतात. बैठक वीसला होती. माझ्या यादीचे कागद तुझ्या हातात बारा तारखेला पडले असणार, आणि तेराला तू शुक्रवारी साडेचारची वेळ काढलीस. मला सांगायचंच होतं तर भाऊजी रोज फोन उचलत होते. मी झोपलेली नव्हते, ठोंब्या. मी पालथी पडून तुझा फोन आला का म्हणून विचारत होते.

यावर तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचं आहे. तोवर मी कुणाला काही बोलणार नाही. मास्तरांनाही तेच सांगितलंय.

ताई


९ एप्रिल

ताई,

फोन उचलायची हिंमत झाली नाही. लिहिताना निदान तुझा आवाज ऐकू येत नाही.

तू जे लिहिलंस ते खरं आहे. वाक्य मी वाचून दाखवलं. त्या क्षणी बेटवाली तुझी वाट बघत असल्यासारखी थांबली होती. मला कळलं की तुझ्या नावाशिवाय हे होणार नाही. पत्र माझ्या बॅगेत होतं. कसं झालं ते मलाच नीट आठवत नाही. पण ताई, वाक्य तूच लिहिलं होतंस. दर महिन्याला तू तेच म्हणतेस. मी इतकी वर्षं ऐकतोय. त्यात थोडंही खरं नसतं का?

शुक्रवारचं मात्र मुद्दाम केलं नाही. कंपनीच्या माणसाला ती एकच वेळ मोकळी होती. यादी मी वाचली होती, हे कबूल करतो. मास्तर कसंही करून येतील असं मी मनाला सांगितलं.

अकरा भाषांचं मला आधी कळलं होतं. लढलो असं खोटं सांगत नाही. एकदा विचारलं, नंतर नाही विचारलं.

बायकोला दोन महिन्यांनी आठवण आली की मी पूर्वी गाणी म्हणायचो. इतका गप्प झालो होतो. एक तारखेपासून कामावर जातोय. खरी खिडकी आहे. परवाना वाढवायचा अर्ज आत आहे, जूनमध्ये निकाल लागेल. कंपनीबरोबरचा करार पंधरा मेला सह्या होऊन पक्का होईल. तोवर कुणी मतावर हरकत घेतली तर सगळं कोसळेल आणि त्याबरोबर मीही.

एवढंच मागतो. जूनपर्यंत गप्प राहा. मग जे लिहायचं ते लिही, मी मान खाली घालून ऐकीन. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आईची शपथ घालत नाही, पण आईसाठी तरी.

तुझा
ठोंब्या


२२ एप्रिल

ठोंब्या,

पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुझ्यासाठी.

तू कबूल केलंस ते बरं केलंस. तुझी नोकरी गेली हे तू जानेवारीत सांगितलं असतंस तर मी बैठकीत सगळ्यांपुढे सांगितलं असतं की माझ्या भावाला काम हवं आहे, कुणाकडे आहे का बघा. एकतीस माणसं, नऊ देश. बर्फाकडचा थोरला स्वतः माणसं नेमतो. तुला विचारायचं सुचलं नाही, कारण तू त्या बैठकीकडे वेळखाऊ माणसांचा घोळका म्हणून बघत होतास. मी तिकडे नऊ वर्षं काय बघत होते ते तुला कधी सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझं विचारणंही टाळत नाही. त्यात थोडं खरं असतं का? असतं. मी थकते. भाऊजींना दर रविवारी सांगते की आता पुरे. माणूस आपल्या घरात, आपल्या माणसाजवळ असं बोलतो. तुझ्याजवळ मी घरात असल्यासारखी बोलले, चूक झाली तर एवढीच.

जूनपर्यंत गप्प राहा म्हणतोस. पंधरा मेला सह्या झाल्या की अकरा भाषा बंद. मास्तरांची मुलं जूनमध्ये परीक्षेला बसतात. त्यांची पुस्तकं कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न मी मास्तरांना विचारला, तर म्हणाले, "पूर्वी मी वाचायचो, बोटांनी. आता बारा पुस्तकं आहेत, बोटं दहाच आहेत." हसत म्हणाले. तुझ्या पत्रात मी दोन्ही वेळा त्या मुलांबद्दल एखादं वाक्य शोधलं. परवाना आहे, खिडकी आहे, मामी आहे. मुलं नाहीत.

मी निवेदन लिहून ठेवलंय. चार ओळी आहेत. वीस मार्चच्या मतदानात माझं मत धरलं गेलं. मी होकार दिला नव्हता. वाचून दाखवलेलं वाक्य खाजगी पत्रातलं आहे आणि वेगळ्या अर्थाचं आहे. ते मत वगळावं. त्यात तुझं नाव नाही आणि तुझ्या नोकरीबद्दल काही नाही. विचारलं तर मी खोटं सांगणार नाही, पण आपण होऊन काही बोलणार नाही.

हे निवेदन मी उद्या दुपारी सगळ्यांना पाठवणार आहे. हा कागद तुला बारा दिवसांनी मिळेल, तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणून आज संध्याकाळी फोन करून तो तुला वाचून दाखवणार आहे. उचलला नाहीस तर तुझ्या बायकोच्या दवाखान्यात करीन. तुला जवळजवळ एक दिवस मिळेल. त्या दिवसात स्वतः सगळ्यांना लिहावंस असं वाटलं तर लिही, मी माझं निवेदन पाठवणार नाही. तुझ्या तोंडून आलं तर जास्त बरं.

ताई


६ मे

ताई,

तू फोनवर वाचून दाखवलंस तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. तू संपवून "ऐकलंस ना" म्हणालीस आणि मी हो म्हटलं. नंतर दिवसभर मेल लिहीत होतो. तुझी वेळ झाली तेव्हा ती अर्धी होती.

तुझ्या निवेदनानंतर पुन्हा मत घ्यायला बोलावलेल्या दोन तारखेच्या बैठकीला मी होतो. माइक बंद ठेवून बसलो होतो. सगळे नाव सांगून बोलले. मास्तरांनी भाषण केलं नाही, वर्गातल्या एका मुलीला पुढे केलं. तिनं आपलं नाव सांगितलं, वाचकला एक पान वाचायला लावलं, आणि आता मला बंद करा म्हणाली. तू पाच आकडे मोजलेस, मलाही मोजता आले. मग मतं पडली. कंपनी नको म्हणणारे एकवीस, हवी म्हणणारे सहा. ते सहा कोण ते तुला माहीत आहे, त्यातला एक मी होतो. हात खाली घ्यायचा होता, घेतला नाही. आता तेही लपवत नाही.

कंपनीनं चार तारखेला अंग काढून घेतलं. मला कामावरून कमी केल्याचं पत्र त्याच दुपारी हातात आलं. परवान्याचा अर्ज परत घ्यावा लागेल. जूनअखेर आम्ही हे घर सोडू. बायकोनं खोके आणले.

तुला जे हवं होतं ते झालं. तू बरोबर होतीस, हे मला कळतं. पण एक बोलतो. तू मला एक दिवस दिलास, सगळ्यांशी वागतेस तशी नियमानं वागलीस. मी भाऊ होतो. माझ्यासाठी नियम मोडायला तुला एकदाही मोह झाला नाही, याचं वाईट वाटतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

ठोंब्या


१९ मे

ठोंब्या,

मोह झाला होता. तेवीस तारखेला दुपारी मी बटणावर बोट ठेवून बसले होते. भाऊजी चहा ठेवून गेले, तो गार झाला. तू लिहिशील म्हणून मी ठरल्या वेळेनंतर तीन तास थांबले. नियमात तीन तास बसत नाहीत. तुला हे माहीत नव्हतं, कारण तू विचारलं नाहीस.

मी जिंकले असं तुला वाटत असेल तर बैठक संपल्यावर इथे कुणी असायला हवं होतं. मी झाकण मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. सहा पगारी माणसं मिळाली असती तर वाचक खरंच भराभर सुधारला असता. यातलं मला काही कळत नाही असं समजू नकोस. त्या सहा हातांतले चार आमचे उत्तम प्रोग्रॅमर होते आणि ते आता येत नाहीत. तुझा कोड कुणालाच नीट उलगडत नाही. बर्फाकडच्या थोरल्यानं आठवडाभर डोकं आपटलं. कामं रखडली आहेत आणि रखडतील. मी पूर्वीसारख्या वेळा काढते, पण आता माझ्या सहीच्या कागदाखाली बेटवाली स्वतःहून एक ओळ लिहिते, 'संयोजकांशी प्रत्यक्ष बोलून खात्री केली.' ती माझ्या भल्यासाठीच लिहिते. दरवेळी वाचते तेव्हा तुझी आठवण येते.

आता लोकांना मी आपलं काही लिहीत नाही. वैताग आला तरी लिहीत नाही. भाऊजी विचारतात, हल्ली तुझी ती लांबलचक पत्रं कुठे गेली. मी म्हणते, डोळा दुखतो. डोळा बरा आहे. ओळी सरळ दिसतात.

बर्फाकडच्या थोरल्याला मी तुझ्याबद्दल विचारलं. हे तुझ्यावर उपकार म्हणून नाही, माझ्याच्यानं राहवलं नाही म्हणून. त्याला सगळं ठाऊक आहे. तो म्हणाला, माणूस कामाचा आहे, पण माझ्याकडे नको, मला रात्री झोप लागायला हवी. मी पुढे आग्रह केला नाही. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, आणि हे मला तुझ्याबद्दल म्हणावं लागतंय.

मामी काल आली होती. तू रोज फोन करतोस म्हणून खुशीत होती. मी काही बोलले नाही, पण तिच्यासमोर बसून मला तुझ्या खोट्याला हातभार लावावा लागला, आणि तो मी पुन्हा लावणार नाही. खोके बांधून झाले की तिला तू सांग. फोनवर सांग, सगळं सांग, आणि तिला वेळ दे.

राहायची सोय होईपर्यंत आमची मागची खोली रिकामी आहे. भाऊजींनी ती झाडून ठेवली, मला न विचारता. तुम्ही दोघं आलात तर जेवायला वाढीन, बायकोशी बोलेन. तुझ्याशी काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही. कामाचे कागद मात्र मी कपाटात ठेवून किल्ली माझ्याजवळ ठेवीन, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, किंवा घे.

मी तुझी ताई आहे ती आहेच. ते मतदानाला टाकता येत नाही, नाहीतर या महिन्यात टाकलं असतं.

ताई